पृष्ठ चारशे बारा

"पान कुठंय?" मी विचारलं.

"कशातलं, सर?"

"तळटीप अकरा. पुस्तकाचं नाव आहे, लेखक आहे, साल आहे. पान कुठंय?"

बिरुदेव होनमाने माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसला होता. घडीची पांढरी काठी मांडीवर, आणि तोंडावर ते नेहमीचं अर्धवट हसू. "पान नाही त्याला, सर. प्रकरण सहा, परिच्छेद एकेचाळीस असं लिहिलंय बघा पुढं."

"ते बघितलं मी. बारा, पंधरा, सोळा, सगळीकडं तेच. त्रेसष्ट तळटीपा आहेत या एका पुस्तकाच्या. त्रेसष्टांत पान नाही."

"पुस्तकालाच पान नाही तर मी कुठनं आणू?"

आता माझं सांगतो. मी दयानंद कथले. बार्शीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होतो आणि आमच्या संशोधन केंद्राचा समन्वयक होतो. कुणाचाही पीएचडीचा प्रबंध विद्यापीठात जायच्या आधी माझ्या टेबलावरून जायचा. आत काय लिहिलंय ते मार्गदर्शकांनी बघायचं, मी ठेवण बघायची. समास, तळटीपा, संदर्भसूची. एका स्वल्पविरामासाठी मी तीनतीनदा प्रबंध परत पाठवलेत. पोरं माझ्या माघारी मला 'तळटीप' म्हणायची. 'तळटीप आले रे' असं जिन्यात ऐकू यायचं आणि मला, खरं सांगतो, बरं वाटायचं. माणसाला कशाचा ना कशाचा तोरा असतोच, माझा तोरा हा.

बिरुदेव माझा बीएचा विद्यार्थी. लहानपणी तापात डोळे गेले. बाप नव्हता, आईनं पांगरीत दुसऱ्याच्या रानात खुरपून वाढवलं. आता आमच्याच कॉलेजात तासाच्या हिशोबानं शिकवत होता आणि आमच्या भागातल्या जुन्या दुष्काळी कामांवर त्यानं प्रबंध लिहिला होता. सहा वर्षं लागली. प्रबंधाचा कणा म्हणजे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. छापील प्रत बाजारात मिळायची बंद झालेली, मिळाली असती तरी त्याला काय उपयोग. अंधांच्या एका ग्रंथालयानं त्याला त्याची फाइल दिली होती. फोन ती फाइल वाचून दाखवायचा, आणि तेही इतक्या वेगानं, की आपल्याला वाटावं भांडणं चाललीत. त्यातला एक शब्द मला कळायचा नाही. हा मात्र मान तिरकी करून ऐकायचा आणि परिच्छेद मोजायचा. दहा परिच्छेद झाले की डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात. आईनं खिसे दोनदा शिवून दिले होते.

"विद्यापीठाच्या तक्त्यात परिच्छेदाचा रकाना नाही, बिरुदेव," मी म्हणालो. "तिथं विचारलंय, सर्व तळटीपांना पृष्ठक्रमांक आहेत काय. खाली माझी सही आहे."

"मग 'नाही' लिहा आणि कारण लिहा. ई-पुस्तक आहे, पान नाही, प्रकरण आणि परिच्छेद दिलाय. कुणालाही उघडून बघता येतंय. सर, पानापेक्षा जास्त नेमकं आहे ते."

बरोबर होतं त्याचं. मला माहीत होतं की जगात सगळीकडं असंच चालतं. ज्या पुस्तकाला पान नाही त्याचं प्रकरण सांगायचं, परिच्छेद सांगायचा, विषय संपला. विद्यापीठाला एक पत्र टाकलं असतं तर त्यांनीही मान्य केलं असतं. पण पत्र टाकायचं म्हणजे कथल्याला शंका आली असं व्हायचं. बारा वर्षांत माझ्या टेबलावरून शंका म्हणून काही गेली नव्हती. आणि उत्तराला पंधरा दिवस लागले असते, ते नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला प्रबंध स्वीकारायची मुदत संपत होती.

ती मुदत त्याच्यासाठी काय होती ते सांगायला हवं. करमाळ्याकडच्या एका कॉलेजात इतिहासाची कायम जागा निघणार होती, अंध उमेदवारासाठी राखीव. अशी जागा आमच्या भागात नऊ वर्षांनी निघत होती. मुलाखती नोव्हेंबरात. त्याची नेट परीक्षा झालेली नव्हती, त्यामुळं पीएचडी हातात असेल तरच अर्ज. फेब्रुवारीत प्रबंध गेला तर ऑक्टोबरात मौखिक परीक्षा, आणि मग नोव्हेंबर गाठता येत होता. नाही गेला तर जागा गेली.

"जा तू," मी म्हणालो. "बघतो मी काय करायचं ते."

"नक्की का, सर?"

"अरे, बघतो म्हणलं ना."

तो काठी उघडत उठला आणि दारापाशी थांबला. "सर, तुम्ही आहात म्हणून बरं आहे," म्हणाला. आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेच पुस्तक विकत घेऊन माझ्या फोनवर उतरवलं. मला मोठी अक्षरं लागतात, म्हणून अक्षरं भली मोठी करून घेतली. काम सोपं होतं. बिरुदेवच्या तळटीपेजवळचं अवतरण बघायचं, त्यातले चार शब्द फोनवर टाकायचे, फोन बरोबर त्या जागी नेतो, आणि खाली कोपऱ्यात बारीक आकडा असतो. चारशे बारा. लिहिलं. चारशे एकोणतीस. लिहिलं. कसलं झकास काम, असं मनाशी म्हणत मी चहा मागवला.

तिसाव्या तळटीपेला चहाचा कप उचलताना फोन हातात आडवा झाला. पडद्यावरचा मजकूर वळला, आणि कोपऱ्यातला पाचशे सहा होता तो तीनशे चाळीस झाला. मी फोन उभा केला. पाचशे सहा. आडवा केला. तीनशे चाळीस. मग अक्षरं थोडी लहान करून बघितली, तर आकडा आणखीच खाली आला.

मी काय अडाणी नव्हतो. मला तिथल्या तिथं कळलं की हे पुस्तकाचं पान नव्हे, माझ्या फोनचं पान आहे. माझ्या मोठ्या अक्षरांचं. दुसऱ्याच्या फोनवर ते वेगळं असणार आणि छापील पुस्तकात तर वेगळंच. एकोणतीस तळटीपा झाल्या होत्या, चौतीस राहिल्या होत्या, आणि दुपारचे दोन वाजले होते.

मी फोन उभा धरला आणि तिसावी तळटीप लिहिली. कोण बघतंय, असं स्वतःशी म्हणालो. आणि खरंच, प्रबंधाच्या तळटीपा उघडून कोण बघतं? मी सोडून कुणीच नाही, आणि मी तर इथंच बसलो होतो.

साडेतीनला छपाईला दिलं. बिरुदेवला फोन केला. "झालं रे, तळटीपांचं."

"पानं मिळाली?"

"मिळाली."

"छापील प्रत सापडली होय, सर? मी तीन वर्षं शोधतोय. कुठं मिळाली?"

"सोलापुरात. एकाकडं होती."

"देवानंच पाठवलं म्हणायचं तुम्हाला," तो म्हणाला.

येऊन त्यानं प्रतिज्ञापत्रावर सही केली. प्रस्तुत प्रबंधातील सर्व संदर्भ मी स्वतः तपासले असून, वगैरे. सहीच्या जागेवर मीच त्याचं बोट ठेवलं.

मौखिक परीक्षा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, आमच्याच विभागात झाली. खुली परीक्षा म्हणजे कुणीही येऊन बसावं अशी पद्धत. तीसेक माणसं होती. त्याच्या मार्गदर्शक वाकळे मॅडम चॉकलेटी रंगाची रेशमी साडी नेसून आल्या होत्या. त्यांचा हा पहिलाच विद्यार्थी. बिरुदेवची आई दाराबाहेरच्या बाकावर बसली होती. तिला आत चला म्हटलं तर म्हणाली, "नगं सायब, आत समदी शिकल्याली." पिशवीत पेढ्यांचा डबा होता. परीक्षक 'डॉक्टर होनमाने' असं म्हणाले की आत नेऊन द्यायचा, हे तिला मॅडमनी समजावून ठेवलं होतं.

बाहेरचे परीक्षक डॉ. पेंढारकर, पुण्याकडचे, साठीचे. हळू बोलणारा सज्जन माणूस. अर्धा तास त्यांनी प्रबंधाचं कौतुक केलं. दुष्काळी कामावरच्या बायकांच्या मजुरीवर बिरुदेवनं जे लिहिलं होतं ते वाचून आपण हातचा चहा खाली ठेवला, असं म्हणाले. बिरुदेव मान तिरकी करून ऐकत होता. मॅडमनी वळून माझ्याकडं बघितलं, मीही मान हलवली.

मग पेंढारकरांनी पिशवीतून एक पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. निळा पुठ्ठा, कोपरे झिजलेले, आत कागदाच्या पट्ट्या घातलेल्या. तेच पुस्तक. छापील.

मी दाराकडं बघितलं.

"एक किरकोळ शंका आहे," ते म्हणाले. "तळटीप अकरा. तुम्ही पृष्ठ चारशे बारा दिलंय. माझ्या प्रतीत पुस्तक तीनशे अठ्ठावीस पानांत संपतं."

कुणीतरी मागं फस्सकन हसलं.

"दुसरी आवृत्ती असेल का, सर?" बिरुदेवनं विचारलं.

"एकच निघाली. बरं, तळटीप सोळा बघू. चारशे एकोणतीस. तीही नाही. पंचवीस, तीही नाही. मग मी मागं गेलो. तळटीप चार, पृष्ठ एकोणनव्वद. एकोणनव्वद आहे माझ्याकडं, पण त्यावर पाटबंधाऱ्यांचा नकाशा आहे. तुमचं अवतरण तिथं नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. "होनमाने, मी तेवीस तळटीपा ताडून बघितल्या. एकही जुळत नाही. हे आकडे आले कुठून?"

त्याच वेळी मी उठलो. का उठलो? पायच उठले. चहाचं बघायला जातोय अशा बेतानं मी भिंतीकडेनं निघालो आणि दाराबाहेर आलो. सगळ्यांना वाटलं असेल, कथले सर व्यवस्थेला गेले.

दार उघडंच होतं. आतनं बिरुदेवचा आवाज आला. "सर, मी पान दिलंच नव्हतं. मी प्रकरण आणि परिच्छेद दिला होता. पानं कथले सरांनी छापील प्रतीवरून घातली. कथले सर, सांगा की."

मी दाराच्या आडोशाला उभा होतो.

"कथले सर?" तो पुन्हा म्हणाला.

"आत्ता तर इथंच होते," वाकळे मॅडमचा आवाज.

बाकावरून त्याची आई माझ्याकडं बघत होती. डबा मांडीवर. तिनं डबा बाजूला ठेवला आणि ती हळूच म्हणाली, "सायब, प्वार तुमास्नी हाक मारतंय न्हवं?"

"हो," मी म्हणालो.

"मग जावा की आत."

"चहाचं बघून येतो," मी म्हणालो आणि जिना उतरलो. खाली कँटीनमध्ये चहा कधीचा तयार होता. मी पोऱ्याला म्हणालो, पुन्हा उकळ. तो उकळेपर्यंत किटलीसमोर उभा राहिलो. एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरी मी किटलीकडंच बघत राहिलो.

मग वर गेलो. वाकळे मॅडम उभ्या होत्या. "कथले सर, बरं झालं आलात. होनमाने म्हणतोय पानं तुम्ही घातली. तुम्ही छापील प्रत बघितली होती का?"

तीस माणसं माझ्याकडं बघत होती. बिरुदेव बघत नव्हता, त्याचा कान माझ्या बाजूला होता.

आता एवढंच सांगायचं होतं, की हो, मी घातली, चुकलो. पेंढारकर चिडले असते, मॅडम बोलल्या असत्या, पोरं वर्षभर हसली असती. तेवढंच. पण माझ्या तोंडून निघालं ते असं, की "माझ्याकडं फाइल आली तशी मी पुढं पाठवली, मॅडम. मी फक्त ठेवण बघतो."

इतक्या सहज आलं तोंडात, की मलाच खरं वाटलं.

बिरुदेव हसला नाही, चिडला नाही. काठी घडी करून त्यानं मांडीवर ठेवली. मग पेंढारकरांच्या दिशेला तोंड करून म्हणाला, "प्रबंधावर सही माझी आहे, सर. चूक माझी. मला वेळ द्या, मी दुरुस्त करतो."

पेंढारकरांनी प्रबंध मिटला. "काम तुमचं अस्सल आहे याबद्दल मला शंका नाही," ते म्हणाले. "पण असा प्रबंध मी आज पुढं पाठवू शकत नाही. सहा महिने घ्या. ही माझी प्रत घेऊन जा. एक एक पान ताडून लावा. तुम्हाला वाचून कोण दाखवेल?"

मॅडम म्हणाल्या, "मी बघते कुणीतरी."

"नको मॅडम," बिरुदेव म्हणाला. "कथले सर वाचतील."

मला नाही म्हणता आलं नाही.

सगळे बाहेर आले. त्याच्या आईला आतलं काही कळलं नव्हतं. माणसं उठली म्हणजे झालं असं समजून तिनं डबा उघडला आणि पहिला पेढा, मीच जवळ होतो म्हणून, माझ्या हातावर ठेवला. "आई, आज नाही, अजून आहे थोडं," बिरुदेव म्हणाला. तिनं झाकण लावलं. माझ्या हातावरचा परत मागायचा कसा, तो राहिला. मी तो खिशात घातला. घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, झाला का तुमचा होनमाने डॉक्टर, तेव्हा मी तो पेढा तिला दिला. तिनं अर्धा खाल्ला, म्हणाली, बरं झालं बाई त्या माउलीचं.

नोव्हेंबरात करमाळ्याच्या मुलाखती झाल्या. लातूरकडचा कुणी मुलगा लागला.

दर रविवारी सकाळी नऊला बिरुदेव विभागात यायचा. मी कुलूप काढायचो. तो समोर बसायचा, निळं पुस्तक माझ्यापुढं. तो म्हणायचा, "प्रकरण सहा, परिच्छेद एकेचाळीस." मी छापील पुस्तकात प्रकरण सहा काढून एकेक परिच्छेद मोजत जायचो. एकेचाळिसावा यायचा आणि त्याचं अवतरण तिथं असायचं. शब्दाला शब्द. मी म्हणायचो, "पान एकशे सत्तेचाळीस." तो म्हणायचा, "नक्की ना, सर?" मी म्हणायचो, "नक्की." पुढं.

त्रेसष्टच्या त्रेसष्ट वेळा त्याचा परिच्छेद बरोबर निघाला. एकदाही चुकला नाही. आणि त्रेसष्ट वेळा त्यानं मला विचारलं, नक्की ना, सर.

त्या दिवसाचा विषय त्यानं कधी काढला नाही. मीही नाही. दर रविवारी घरातून निघताना ठरवायचो की आज बोलायचं. पोरा, मी फोन उभा धरला होता, मला माहीत होतं. वाक्य पाठ करून जायचो. तो यायचा, म्हणायचा, "चला सर, प्रकरण आठ." आणि मी मूग गिळून पान काढायचो. चार महिने असे गेले. कधी तो पावभाजीच्या गाड्यावरचं काही सांगून हसवायचाही मला. मी हसायचो, आणि घरी जाताना वाटायचं, हा मला एकदा शिव्या का घालत नाही.

मार्चात काम संपलं. शेवटचा ऋणनिर्देश तेवढा राहिला होता. सोमवारची दुपार होती, वाकळे मॅडम पलीकडच्या टेबलावर पेपर तपासत होत्या. बिरुदेवनं स्वतःचा लॅपटॉप आणला होता. "माझी बोटं आज भरून आलीत, सर. तुम्ही टाइप कराल का? मी सांगतो."

मी लॅपटॉप पुढं ओढला. त्याचा लॅपटॉप बोलका. जो शब्द टाइप कराल तो मोठ्यानं बोलणार, त्याच सपाट, कुणाच्याच नसलेल्या आवाजात. मी म्हणालो, "आवाज बंद करू का? मॅडमना त्रास."

"राहू द्या," तो म्हणाला. "मला कळायला पाहिजे."

त्यानं ग्रंथालयाचे आभार सांगितले. मॅडमचे सांगितले. आईचे सांगितले, आणि त्यात चिंचोक्यांचा उल्लेख केला. मॅडम पेपरातनं मान वर न काढता हसल्या. यंत्र सगळं बोलत गेलं.

"आता पुढचा परिच्छेद," बिरुदेव म्हणाला. "घ्या. 'या प्रबंधातले पृष्ठक्रमांक माझे नाहीत.'"

मी टाइप केलं. यंत्र बोललं.

"'पहिल्या वेळी जे खोटे पृष्ठक्रमांक घातले गेले, ते प्राध्यापक दयानंद कथले यांनी घातले.'"

माझी बोटं थांबली. यंत्रही थांबलं.

"थांबला का, सर?"

मला फसवता येण्यासारखं नव्हतं. मी गाळलं असतं तर यंत्रानं गाळलं असतं, आणि त्याला ऐकू आलं असतं. मी टाइप केलं. यंत्र एकेक शब्द सुटा सुटा बोलत गेलं. पहिल्या. वेळी. जे. खोटे. माझं नाव आलं तेव्हा त्यानं ते जरा चुकीचंच उच्चारलं, पण कळण्यासारखं होतं. पलीकडं मॅडमची लाल पेन्सिल थांबली.

"'ते खोटे आहेत हे घालताना त्यांना माहीत होतं,'" बिरुदेव म्हणाला. मग जरा थांबून त्यानं विचारलं, "माहीत होतं ना, सर? हे मी अंदाजानं सांगतोय. नसेल तर लिहू नका."

मॅडम आता सरळ माझ्याकडं बघत होत्या. नसेल तर लिहू नका, असं म्हणून त्यानं मला वाटही दिली होती, आणि ती वाट घ्यायची मला केवढी इच्छा झाली. पण रविवारच्या त्या त्रेसष्ट उत्तरांनंतर तेवढं माझ्यानं झालं नाही.

"माहीत होतं," मी म्हणालो. "फोन आडवा केला की आकडे बदलत होते."

"मग लिहा."

मी लिहिलं. यंत्र बोललं. बिरुदेवनं ते शेवटपर्यंत ऐकलं, मान तिरकी करून, पुस्तक ऐकायचा तसं. मॅडम उठल्या, खिडकीशी गेल्या आणि आमच्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या.

"पुन्हा एकदा वाचून घेतो," तो म्हणाला. त्यानं हात पुढं करून चाचपत एक बटण दाबलं आणि यंत्रानं तो परिच्छेद पहिल्यापासून म्हटला. मी टेबलाच्या कडेकडं बघत बसलो होतो.

"झालं," बिरुदेव म्हणाला. "आता पुसा."

"काय?"

"हा परिच्छेद पुसा, सर. आईला वाचून दाखवायचंय हे कुणाकडनं तरी, त्यात हे बसणार नाही. मला एकदा ऐकायचं होतं. मॅडमनीही ऐकलं." मग साध्या आवाजात म्हणाला, "त्या जागी घ्या. 'छापील ग्रंथातील पृष्ठक्रमांक ताडून देण्याचे काम प्राध्यापक दयानंद कथले यांनी केले. त्यांचा मी आभारी आहे.'"

आजही त्याचा प्रबंध कुणाला पाहायचा असेल तर विद्यापीठात आहे, आणि त्यात तेवढंच आहे. जूनमध्ये तो डॉक्टर झाला. अंधांसाठीची कायम जागा पुन्हा काही निघाली नाही. नऊ वर्षं झाली, तो अजून तासाच्या हिशोबानंच शिकवतो.

पण मला सांगायचंय ते हे नाही. तो 'आता पुसा' म्हणाला, तेव्हा मॅडम खिडकीतनं वळून माझ्याकडं बघायला लागल्या होत्या. काय बघत होत्या ते मला कळत होतं. राहू दे, बिरुदेव, छापू दे. एवढंच म्हणायचं होतं मला, चारपाच शब्द. कुणी अडवणार नव्हतं. आणि मी ते म्हणायच्या आधीच माझं बोट पुसायच्या बटणावर गेलेलं होतं. मी ते दाबून धरलं. यंत्र उलटीकडनं एकेक अक्षर बोलत गेलं आणि एकेक अक्षर गेलं. माझं नाव गेलं, तेव्हा मला हायसं वाटलं.